कप, वाटी की ग्रॅम? बेकिंगसाठी पीठ मोजण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केक फसला की पहिला संशय ओव्हनवर जातो, दुसरा बेकिंग पावडरवर. पिठाच्या मापावर सहसा कोणी संशय घेत नाही. दोन कप म्हणजे दोन कप, त्यात काय चुकायचं? माझ्याकडे बेकिंग शिकायला येणाऱ्यांचे आणि नंतर फोनवर फोटो पाठवून "असं का झालं?" विचारणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून इथेच येतात, म्हणून ते एका जागी लिहून ठेवले आहेत. घाईत असाल तर आकड्यांची यादी खाली आहे. पण तिच्याआधीचे प्रश्न निदान एकदा वाचून घ्या, नाहीतर यादीचा उपयोग होण्यापेक्षा घोटाळाच व्हायचा.

एक कप मैदा म्हणजे किती ग्रॅम?

साधारण १२० ते १२५ ग्रॅम. एवढं पाठ करून पान बंद केलंत तरी रोजची बरीच कामं होतील.

तरी थोडं थांबा. किंग आर्थर ही अमेरिकेतली पीठ विकणारी कंपनी एक कप मैदा १२० ग्रॅमचा धरते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात तो १२५ आहे. अमेरिकाज टेस्ट किचनवाले मात्र कपाला ५ औंस, म्हणजे १४२ ग्रॅम धरतात. कप तिघांचाही एकच, साधारण २४० मिलीचा. खोटंही कोणी बोलत नाहीये. प्रत्येकाची कप भरायची पद्धत निराळी, इतकंच.

आता एखाद्या कुकीच्या रेसिपीत सव्वादोन कप मैदा लिहिलाय असं धरा. १२०च्या हिशोबाने २७० ग्रॅम होतो, १४२च्या हिशोबाने जवळजवळ ३२०. ५० ग्रॅमचा फरक म्हणजे चांगला अर्ध्या कपाच्या आसपास मैदा. लोणी तेवढंच, साखर तेवढीच, आणि पीठ मात्र अर्धा कप कमी-जास्त! एका ट्रेमधल्या कुकीज पसरून एकमेकींना चिकटतील, दुसऱ्यातल्या लाडवासारख्या उभ्या राहतील. म्हणून परदेशी रेसिपी घेताना त्या लेखकाने कुठे "आमचा कप इतक्या ग्रॅमचा" असं लिहिलंय का, ते आधी शोधा. लिहिलं असेल तर तोच आकडा घ्या, माझा नको.

कप तोच, पीठ तेच. मग वजन बदलतं कसं?

कारण कपात नुसतं पीठ नसतं, पिठाच्या कणांमधली हवाही असते. पाणी दाबून जास्त भरता येत नाही. पीठ येतं.

घरी करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. मैद्याचं नवं पाकीट घ्या. वाण्याकडे ते इतर पाकिटांच्या थप्पीखाली दबून पडलेलं असतं, आतलं पीठ विटेसारखं झालेलं असतं. कात्रीने तोंड कापा, कप थेट आत खुपसा आणि पाकिटाच्या कडेला घासून वर काढा. काट्यावर १४०, कधी १५०सुद्धा दिसेल. आता तोच मैदा परातीत ओता, काट्याचमच्याने खालीवर करा आणि चमच्याने हलकेच कपात सोडा. सुरीची सरळ पाठ फिरवून वरचं पीठ पाडा. १२०च्या आसपास येईल. हाच भरलेला कप ओट्यावर दोन-तीनदा आपटलात तर पीठ बोटभर खाली बसतं आणि वर आणखी दोन चमचे मावतात. बऱ्याचजणी नेमकं हेच करतात. डाळ-तांदूळ भरताना डबा आपटायची सवय असते, ती हात विसरत नाही.

आपल्याकडची चिपटं, मापटं, शेर, पायली ही सगळी भरून मोजायची मापं, पण ती होती धान्यासाठी. गहू-ज्वारीचे दाणे माप ठोकलं तरी पिठाइतके खाली बसत नाहीत. तिथे शीग धरायची की सपाट भरायचं एवढं ठरलं की व्यवहार सुरळीत चालायचा. पिठाला ते माप लावलं की गडबड झालीच.

मग कपानेच मोजायचं तर नीट कसं मोजायचं?

वर सांगितलं तसंच: आधी पीठ मोकळं करा, चमच्याने भरा, सुरीने सपाट करा. आपटू नका, बोटाने दाबू नका, शीग ठेवू नका. आणि आज एका पद्धतीने, उद्या दुसऱ्या पद्धतीने असं करू नका. एकच धरून राहिलात तर निदान चूक दर वेळी सारखीच होईल आणि दोन-तीन खेपांत ती तुमची तुम्हालाच सुधारता येईल.

माझ्याकडचा कप किती मिलीचा आहे हे कसं कळेल?

कपाखाली छापलेलं असतं ते बघा. अमेरिकन कप साधारण २४० मिलीचा (काटेकोर म्हटलं तर २३७), ऑस्ट्रेलियन २५०चा, जपानी २००चा. मुंबईत दुकानांत मिळणाऱ्या सेटमध्ये २४० आणि २५० हे दोन्ही दिसतात. काही स्वस्त सेटवर एक आकडा छापलेला असतो आणि आत मावतं दुसरंच.

खात्री करायची असेल तर सकाळी दूध तापवायच्या आधी अर्धा लिटरची पिशवी कपाने मोजा. बरोबर दोन कप भरून पिशवी रिकामी झाली तर कप २५०चा. दोन कप भरून चारेक लहान चमचे दूध उरलं तर २४०चा. अडीच कप झाले तर तो २००चा. दूध मग तापवायला ठेवा, वाया काहीच जात नाही. काटा असेल तर त्याहून सोपं: रिकामा कप ठेवून काटा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली.

चहाचा कप मात्र माप म्हणून कधीच वापरू नका. घरात सहा कप असतील तर सहाही वेगळे निघतात.

काटा नाही आणि सध्या घ्यायचाही नाही. काही उपाय?

आहे. वाण्याकडून ५०० ग्रॅमचं बंद मैद्याचं पाकीट आणा. सगळं पीठ परातीत काढून मोकळं करा आणि तुमच्या कपाने, तुमच्या पद्धतीने मोजत मोजत डब्यात भरा. किती कप झाले ते मोजा आणि ५००ला त्या संख्येने भागा. बरोबर चार कप झाले तर तुमचा कप १२५चा. साडेतीनच झाले तर तुम्ही तो ठासून भरताय आणि तुमच्या हातचा कप १४३चा आहे. हा आकडा कुठल्याही वेबसाइटवरच्या तक्त्यापेक्षा तुमच्या जास्त कामाचा, कारण तो तुमच्या हाताचा आहे. डब्याच्या झाकणाला आतून चिठ्ठी चिकटवा: "१ कप = इतके ग्रॅम". मग ग्रॅममधली रेसिपी समोर आली की त्याने भागायचं, झालं.

कणीक, बेसन, रवा यांचीही अशीच एकेकदा मोजणी करून ठेवता येते.

यादी द्या ना!

घ्या. २४० मिलीचा कप, पीठ मोकळं करून चमच्याने भरलेलं, वरून सपाट. तुमचा कप २५०चा असेल तर प्रत्येक आकड्यात शंभराला चार मिळवा, म्हणजे १२०चे १२५ होतील.

मैदा: १२० ते १२५ ग्रॅम
चाळून मग भरलेला मैदा: १०५ ते ११५
कणीक: १२० ते १३०
बेसन: ९० ते ११०
तांदळाचं पीठ: १४५ ते १६०
बारीक रवा: १६० ते १७०
कॉर्नफ्लोअर: ११५ ते १२५
कोको पावडर: ८५
साखर: २००
पिठीसाखर: ११५ ते १२०
ब्राउन शुगर, दाबून भरलेली: २१५ ते २२०
लोणी: २२७
पातळ केलेलं तूप: २०५
तेल: २१५ ते २२०
दूध किंवा दही: २४० ते २४५
मध: ३४०

पिठांच्या आकड्यांत "ते" आहे आणि लोणी-दुधाच्या आकड्यांत जवळजवळ नाही, हे लक्षात आलं असेल. कपाचा घोळ पिठाचाच. दूध, तेल, साखर कपाने मोजलीत तर फारसं बिघडत नाही.

नाचणी, ज्वारी, बाजरीची पिठं मी मुद्दामच दिली नाहीत. गिरणीवाला किती बारीक दळतो, दळण चाळलंय की नाही, यावर त्यांचं वजन फार हलतं. तुमच्या दळणाचा एक कप एकदा मोजून ठेवा, तो तुमचा आकडा.

आमच्या घरच्या सगळ्या रेसिपी वाटीच्या आहेत. त्याही ग्रॅममध्ये कराव्यात का?

सगळ्या नको. रव्याच्या केकची "एक वाटी रवा, एक वाटी साखर, एक वाटी दही, पाव वाटी तूप" अशी रेसिपी असेल तर ते प्रमाण आहे. वाटी लहान असो वा मोठी, सगळ्याला तीच असली की जमतं. पिढ्यान् पिढ्या जमत आलंय, उगाच मोडू नये.

अडतं दोन ठिकाणी. एक, वाटीबरोबर "एक चमचा सोडा" किंवा "दोन अंडी" लिहिलेली असतात. वाटीचा आकार बदलला तरी अंडं काही लहान होत नाही, आणि सोडाही तेवढाच पडतो. दुसरं, आईची वाटी आईकडे राहते आणि मुलगी पुण्याला किंवा टोरांटोला जाते. अशा रेसिपी ग्रॅममध्ये नेऊन ठेवाव्यात, आणि त्या करताना रेसिपी जिची आहे तिलाच भरू द्यावं. तिला नेहमीसारखी वाटी भरायला सांगा; तुम्ही फक्त खाली काटा ठेवा आणि आकडा टिपून घ्या. तुम्ही "नीट सपाट" वाटी भरून मोजलीत तर तिची रेसिपी उतरणार नाही, तुमचीच एक नवी तयार होईल.

मैद्याऐवजी कणीक घालायची आहे. एका कपाला एक कप चालेल ना?

वजनाला वजन घाला, कपाला कप नको. रेसिपीत २४० ग्रॅम मैदा असेल तर २४० ग्रॅम कणीक.

पण वजन जुळलं म्हणून काम संपलं असं नाही. कणकेत कोंडा असतो, शिवाय चक्कीवर दळताना पिठातला स्टार्च जास्त मोडतो, त्यामुळे ती मैद्यापेक्षा बरंच जास्त पाणी पिते. पहिल्यांदा अर्धा मैदा, अर्धी कणीक करून बघा, दूध किंवा दही दोन-तीन चमचे वाढवा आणि पीठ भिजल्यावर पंधरा-वीस मिनिटं तसंच ठेवा. कोंडा भिजला की मिश्रण किती घट्ट झालं ते दिसेल, त्यावरून आणखी दूध लागतंय का ते ठरवा. यीस्ट असेल तर थांबायला हरकत नाही. बेकिंग पावडर असेल तर ती थांबून झाल्यावर, अगदी शेवटी घाला. गिरणीतून नुकतंच आणलेलं गरम दळण लगेच वापरू नका, पसरून निवू द्या.

पावसाळ्यात ग्रॅमने मोजलं तरी पाव चिकट का होतो?

हा खास मुंबईचा प्रश्न. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की डब्याचं झाकण जरा सैल राहिलं तरी पीठ ओलावा ओढून घेतं. अन्न सुरक्षेच्या नियमांत मैदा आणि आटा या दोन्हींसाठी ओलाव्याची कमाल मर्यादा १४ टक्के आहे. म्हणजे पिठात पाणी असतंच, प्रश्न किती एवढाच.

हिशोब करून पाहू. ५०० ग्रॅम मैद्यात १२ टक्के ओलावा असेल तर त्यात ६० ग्रॅम पाणी आणि ४४० ग्रॅम कोरडं पीठ. ओलावा १४ झाला तर ७० ग्रॅम पाणी आणि ४३० ग्रॅम कोरडं. काटा दोन्ही वेळा ५००च दाखवणार. पण तुमच्या पिठात १० ग्रॅम पाणी आधीच जास्त गेलं आणि ते शोषणारं कोरडं पीठ १० ग्रॅम कमी झालं. केकला हे जाणवणारही नाही. पावाचं पीठ मात्र हाताला लागतं. पावसाळ्यात पाणी एकदम ओतू नका. ५०० ग्रॅमच्या मापात एक-दीड मोठा चमचा पाणी मागे ठेवा, पीठ मळून बघा, मग लागलं तर घाला. पीठ थोडं-थोडं आणा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

कपाने मोजणाऱ्यांना याच दिवसांत आणखी एक त्रास होतो: दमट पिठाच्या बारीक गुठळ्या होतात आणि कप कसातरीच भरतो.

चाळून मोजायचं की मोजून चाळायचं?

काट्यावर मोजत असाल तर काहीच फरक पडत नाही. १२० ग्रॅम मैदा चाळला तरी १२० ग्रॅमच. कपाने मोजत असाल तर शब्द नीट वाचा. "एक कप चाळलेला मैदा" म्हणजे आधी चाळून मग कप भरायचा, तो साधारण ११० ग्रॅमचा होतो. "एक कप मैदा, चाळून" म्हणजे कप भरून मग चाळायचा, तो १२०-१२५चा.

रेसिपीत औंस आहेत. एक कप म्हणजे ८ औंस, म्हणून मैदाही ८ औंस घेऊ?

नको! हे दोन वेगळे औंस आहेत. एक वजनाचा, २८.३५ ग्रॅमचा. दुसरा द्रव पदार्थांचा, सुमारे ३० मिलीचा. कपात द्रवाचे ८ औंस मावतात. मैद्याचे वजनाचे औंस मावतात सव्वाचार. ८ औंस मैदा घातलात तर तो २२७ ग्रॅम होईल, जवळजवळ दुप्पट.

याच कुळातली आणखी एक अडचण: अमेरिकन रेसिपीतली लोण्याची "एक स्टिक" म्हणजे ११३ ग्रॅम. आपल्याकडचं १०० ग्रॅमचं पाकीट म्हणजे स्टिक नव्हे, वर १३ ग्रॅम लागतं. आणि मोठा चमचा अमेरिकेत १५ मिलीचा, ऑस्ट्रेलियात २०चा.

काटा कुठला घ्यावा?

स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा, ५ किलोपर्यंतचा, १ ग्रॅम दाखवणारा. काहीशे रुपयांत मिळतो. क्रॉफर्ड मार्केटमध्ये बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत मिळेल, दादरला भांड्यांच्या दुकानांत मिळेल, आणि ऑनलाइन तर ढिगाने आहेत. किती फीचर आहेत ते बघू नका, दोन गोष्टी बघा. मोठं पातेलं ठेवल्यावर आकडा झाकला जातो का? आणि काटा किती वेळाने आपोआप बंद होतो? पातेल्यात पीठ, साखर घालून झाली, दूध आणायला फ्रिजपाशी गेलात आणि परत येईपर्यंत काटा बंद. चालू केला की शून्य. असले काटे डोक्याला ताप.

भांडं ठेवून शून्य करायचं बटण सगळ्यांनाच असतं आणि खरी गंमत त्यातच आहे. पातेलं ठेवा, शून्य करा, मैदा २४० होईपर्यंत घाला. पुन्हा शून्य, साखर २०० होईपर्यंत. पुन्हा शून्य, दही. तीन कप, दोन वाट्या, चार चमचे घासायचे वाचतात. ज्यांना ग्रॅमचं बाकी काही पटत नाही, त्यांना हे एक पटतं.

काटा खरा दाखवतो का, हे बघायला दहाची नाणी काढा. दहा रुपयाच्या नाण्याचं वजन ७.७ ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे दहा नाणी ७७ ग्रॅम. ७६-७७-७८ आलं तर काटा ठीक. ८५ आलं तर आधी सेल बदलून बघा, मग परत करा. हे झालं कमी वजनाचं. जास्त वजनाला तपासायचं तर वाण्याला विनंती करून त्याच्या काट्यावर एक भरलेला डबा मोजा आणि घरी येऊन आपल्या काट्यावर ठेवा. त्याच्या काट्याला वैधमापन खात्याचा शिक्का लागतो, आपल्याला लागत नाही.

सोडा आणि बेकिंग पावडरही ग्रॅममध्ये मोजू का?

घरगुती मापाला चमचाच बरा. १ ग्रॅमचे काटे एवढ्या थोडक्या वजनाला भरवशाचे नसतात; चिमूट चिमूट घातलं तर कित्येकदा आकडा हलतच नाही. ५ मिलीचा मापाचा चमचा, सपाट. अंदाज म्हणून सांगते: एक लहान चमचा बेकिंग पावडर साधारण ४ ग्रॅम, खायचा सोडा ५, बारीक मीठ ६, कोरडं इन्स्टंट यीस्ट ३. ऑर्डरी घेत असाल आणि चार-पाच किलोचा घाणा एकदम करत असाल तर ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वेगळा घ्या.

आठ इंची टिनची रेसिपी सहा इंची टिनमध्ये करायची आहे.

इथे ग्रॅमचा खरा फायदा होतो. गोल टिन असतील आणि उंची सारखी असेल तर इंचांचे वर्ग करा: ६ सक ३६, ८ आठे ६४. ३६ भागिले ६४ म्हणजे ०.५६. सगळ्या आकड्यांना ०.५६ने गुणा. २४० ग्रॅम मैद्याचे १३५ होतात. हेच कपात करायला गेलात तर "एक कप आणि अष्टमांश कप" असलं काहीतरी येईल, आणि तो अष्टमांश कप सेटमध्ये नसतो.

अंड्यांचंही तसंच. अमेरिकन रेसिपीतलं मोठं अंडं टरफलाशिवाय ५० ग्रॅमचं धरतात. आपल्या बाजारातली पुष्कळ अंडी त्याहून लहान निघतात. फोडा, फेटा आणि लागेल तेवढं वजन करून घाला. उरलेल्याचं ऑम्लेट.

बेकरीवाले टक्क्यांत बोलतात, ते काय असतं?

पीठ म्हणजे १०० धरायचं आणि बाकी सगळं पिठाच्या तुलनेत सांगायचं. घरच्या लादीपावाचा असा एक हिशोब देते: मैदा १००, पाणी ६०, साखर ४, लोणी किंवा तेल ४, मीठ २, इन्स्टंट यीस्ट १. मैदा ५०० ग्रॅम घेतलात तर पाणी ३००, साखर २०, लोणी २०, मीठ १०, यीस्ट ५. बेरीज ८५५ ग्रॅम. त्याचे बारा गोळे केले की एकेक साधारण ७१ ग्रॅमचा. गोळेही काट्यावर ठेवूनच तोडा. एक मोठा, एक लहान झाला की लहान आधी भाजून कडक होतो. ज्या बेकरीत मैद्याचं पोतंच ५० किलोचं येतं, तिथे कपाने मोजत बसणं शक्यच नाही. तिथे सगळा खेळ टक्क्यांचा.

नानकटाईला तूप कपाने मोजलं तर दर वेळी वेगळं का होतं?

मे महिन्यात मुंबईत तूप पातळ असतं, डिसेंबरात रवाळ आणि थिजलेलं. थिजलेलं तूप कपात भरताना मधे पोकळ्या राहतात, आणि जे भरतं त्यातलं थोडं कपालाच चिकटून बसतं. काट्यावर हा प्रश्नच येत नाही. माझं माप: मैदा २०० ग्रॅम, बेसन ५०, पिठीसाखर १२५, तूप १२५. एवढं घालून मळा. गोळा वळताना भुगा होत असेल तर तूप चमच्याचमच्याने १५०पर्यंत वाढवा. एकदम १५० ओतलंत तर भाजताना नानकटाई पसरते.

दिवाळीत जवळच्या बेकरीतून नानकटाई भाजून आणायची पद्धत काही भागांत अजून आहे. तिथे सामान देताना मैदा, साखर, तूप किलोवर सांगतात. कपात सांगितलंत तर भट्टीवाला तुमच्याकडे बघतच राहील.

रूपांतर करताना आकडा ११३ आला. ११३ घेऊ की ११५?

११५. पिठात एक-दोन ग्रॅमने काही होत नाही. पाचाच्या पटीत लिहा, वहीत वाचायलाही सोपं पडतं. यीस्ट आणि मिठाला मात्र असा पूर्णांक करू नका.